खोली क्रमांक नऊ, वरीलप्रमाणे

३ मार्च, सोमवार

ऑफिसच्या नोंदवहीत वेळ, जागा आणि नमुन्याचा क्रमांक एवढंच लिहायचं असतं. उरलेलं कुठेतरी ओतायला हवं म्हणून ही वही काढली. मागच्या वाढदिवसाला पोरीने दिली होती. आजवर तिच्यात एका प्लंबरचा फोन नंबर होता, तोही चुकीचा.

सकाळी साहेबांनी बोलावलं. सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर, बालविभागात, नवे दिवे बसवायचे होते. वायरमनने भिंतीला ड्रिल लावलं तर पांढऱ्या भुकटीऐवजी करडा, केसाळ भुसा आला. माणूस शहाणा निघाला. ड्रिल तिथल्या तिथे थांबवलं, भोकावर ओलं फडकं लावून वर चिकटपट्टी मारली, दार ओढून घेतलं आणि फोन केला. साहेब म्हणाले, "टकटकराव, तुम्हीच जा. इमारत तुमच्या ओळखीची आहे."

टकटक हे माझं ऑफिसातलं नाव. कुठेही गेलो की आधी भिंतीवर बोट वाजवून बघायची मला खोड आहे. प्लास्टर वेगळं वाजतं, लाकूड वेगळं, आणि आम्ही ज्याच्या मागावर असतो तो ॲस्बेस्टॉसचा तक्ता आणखी वेगळा. बायकोच्या माहेरी मला मुद्दाम खोलीच्या मध्यभागी खुर्ची देतात.

जाण्याआधी दाढी काढावी लागली. मास्कच्या कडेला केस आले की हवा बाजूने आत शिरते, मग मास्क लावला काय नि नाही काय. गेली पाच वर्षं मी टेबलावर बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासतो, म्हणून दाढीची चैन चालली होती.

बालविभाग ताईचा. माझी थोरली बहीण, एकोणीस वर्षं तिथे आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. ती दाराबाहेर उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "हनुवटी अगदी आईची आहे तुझी. विसरलेच होते." आणि मग, "या खोलीत तू आज पहिल्यांदाच येतोयस, नाही का?"

मी म्हटलं, हो, शनिवारी पोरीला सोडायला यायचो तेव्हा बाहेरच्या बाकावरच बसायचो, आत पोरांची गर्दी. ताईला काहीही बोलायची सवय आहे.

आत गेलो. चारही भिंतींवर, ताईचा हात पोचतो तिथवर, पोरांची चित्रं. प्रत्येक चित्राला चार पिना. पिन अंगठ्याने दाबली तरी आत जाते अशी मऊ भिंत. पाणी फवारून नखाएवढा तुकडा काढला, दोन पिशव्यांत बंद केला, जागेवर पट्टी लावली. टकटक केली नाही. गरजच नव्हती.

५ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेचा निकाल आला: ॲस्बेस्टॉस. तपकिरी.

वायरमनने फोनवर विचारलं, "पण मला तर करडं दिसलं. पांढरं असेल तर कमी धोक्याचं ना?" त्याला समजावलं की ही नावं डोळ्यांसाठी नाहीत, रंग फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. पांढऱ्याचे तंतू कुरळे. तो सिमेंटच्या पत्र्यांत आणि जुन्या फरश्यांत घट्ट बसलेला असतो, तोही निरुपद्रवी नाही. निळा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात वाईट. तपकिरी त्याच्या खालोखाल. तो आगीपासून बचावासाठी लावलेल्या अशा मऊ तक्त्यांत सापडतो, आणि मऊ असल्यामुळे जरा टोचलं की सुटतो. पिनसुद्धा पुरते.

तो म्हणाला, "मी एकच भोक पाडलं."

मी म्हटलं, तुम्ही सगळं बरोबर केलंत. एवढं बोलून फोन लगेच ठेवून दिला.

६ मार्च, गुरुवार

ऑफिसच्या नोंदवहीत हे येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

सात वर्षांपूर्वी त्या वाचनालयाची तपासणी मी केली होती. आज कपाटातून अहवाल काढला. खोली क्रमांक आठ, वाचनकक्ष: भिंती जिप्समच्या, नमुना घेतला, ॲस्बेस्टॉस आढळले नाही. खोली क्रमांक नऊ, बालविभाग: वरीलप्रमाणे. खाली माझी सही, शेपटी वर उडवलेली. तेव्हा मला माझ्या सहीचा फार अभिमान होता.

नऊ नंबरला कुलूप होतं. किल्ली ताईकडे होती आणि ताई दोन मजले वर कर्मचाऱ्यांच्या बैठकीत होती. छत्तीस पायऱ्या. आमचं तेव्हा तीन महिने बोलणं बंद होतं. आईचं शिलाई मशीन तिने मला न विचारता शेजारणीला देऊन टाकलं म्हणून. मला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही, मशीन घेऊन मी काय करणार होतो, देव जाणे. पण आधी तिने बोलावं अशी माझी अट होती.

मी दाराच्या काचेतून डोकावलो. भिंती शेजारच्या खोलीसारख्याच दिसल्या, तोच रंग, त्याच पट्ट्या. लिहून टाकलं.

खोली उघडता आली नाही तर काय लिहायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात. "प्रवेश मिळाला नाही. ॲस्बेस्टॉस आहे असे गृहीत धरावे." एवढं एक वाक्य. ते लिहिलं असतं तर भिंतीवर सूचना लागली असती आणि सात वर्षांत तिथे एक पिन टोचली गेली नसती. आत गेलो असतो तर हेही दिसलं असतं की ती पूर्वी इमारत गरम ठेवायच्या भट्टीची खोली होती. भट्टीच्या खोलीत काय लावतात ते मला झोपेतही सांगता येतं.

लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होतो, नाही सापडला.

८ मार्च, शनिवार

आज नव्या तपासनीसांचा वर्ग माझ्याकडे होता. गेली चार वर्षं हा वर्ग मीच घेतो. फळ्यावर नेहमीचं वाक्य लिहिलं: "ज्या खोलीत पाऊल टाकलं नाही तिच्याबद्दल 'वरीलप्रमाणे' लिहायचं नाही." सगळ्यांनी उतरवून घेतलं. एकीने विचारलं, "सर, असं कुणी करतं का खरंच?" मी खडूचे हात झटकले आणि म्हटलं, चहा घेऊन या आधी.

घरी बायकोला वाचनालयाची बातमी कळली होती. ती म्हणाली, "आपली पोरगीही दर शनिवारी तिथेच असायची ना? दोन-तीन वर्षं तरी." मला तहान लागली होती, मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा ती दुसरं काहीतरी बोलत होती.

११ मार्च, मंगळवार

वाचनालयाच्या मंडळाने चौकशी लावली आहे. ताईचा लेखी जबाब साहेबांनी माझ्यासमोर ठेवला. तिचं अक्षर अजून शाळेतल्यासारखं, रेघेवर बसणारं.

"तपासणीच्या दिवशी खोलीची किल्ली माझ्या हातून हरवली होती. ही खोली शेजारच्या खोलीसारखीच आहे, तसेच लिहावे, असे तपासनीसांना मीच सांगितले. दोष माझा आहे."

साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्यावर फारसं काही येत नाही. ताकीद मिळेल फार तर. बहीण चांगली आहे तुमची." मी मान हलवली.

ताईचा घोटाळा झाला असणार. सात वर्षांपूर्वीची गोष्ट, वयही झालं. किल्ली हरवल्याचं तिला कुठून आठवलं कुणास ठाऊक. मी काही तिला असं सांगायला सांगितलं नव्हतं.

रात्री पोटभर जेवलो, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण जेवलो हे खरं आहे.

१२ मार्च, बुधवार

कुणाशी काही बोललो नाही.

१३ मार्च, गुरुवार

आजही नाही. मंडळाने ताईला घरी बसायला सांगितलं आहे, निकाल लागेपर्यंत. तिने फोन केला तो हे सांगायला नाही, माझ्या खोकल्याचं विचारायला. मला खोकला कुठे आहे? दाढी काढल्यामुळे गार लागतं एवढंच. तिला म्हटलं, तू जबाबात किल्लीचं... तर म्हणाली, "जाऊ दे रे. माझं एकच वर्ष उरलंय. तुझ्या पोरीचं कॉलेज व्हायचंय."

म्हणजे घोटाळा झाला नव्हता.

१५ मार्च, शनिवार

तक्ते काढायचं काम सुरू झालं. आमची देखरेख आहे म्हणून मी बाहेर, खिडकीसारख्या पारदर्शक तुकड्यापाशी उभा. मुकादमबाई कडक आहेत. वीस वर्षं याच कामात आहेत, आणि कामावर गाणं गुणगुणलेलंही चालवून घेत नाहीत, मास्क हलतो म्हणून. सगळी खोली आतून प्लास्टिकने मढवली आहे. एक यंत्र सतत आतली हवा गाळून ओढून घेतं, म्हणजे फट राहिली तरी बाहेरची हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. बाहेर पडायला तीन छोट्या खोल्या ओळीने, मधल्या खोलीत अंघोळ. तक्ते फोडायचे नाहीत, ओले करून स्क्रू काढून अखंड उतरवायचे, दोनदा गुंडाळायचे. झाडू तर नावालाही नाही.

मुकादमबाईंनी विचारलं, "इथे झाडायचं कोण?"

मी म्हटलं, माझी बहीण. रोज संध्याकाळी, कुंच्याने, पिनांखालचा भुसा. तिला वाटायचं रंगाची पापडी पडते.

त्यांनी आतल्या माणसाला फरशीचे कोपरे ओल्या फडक्याने दुसऱ्यांदा पुसायला सांगितले.

भिंतीवरची चित्रंही गेली. कागदावर तंतू बसलेले असतात, तो धुता येत नाही. तक्त्यांबरोबर त्यांनाही धोकादायक कचऱ्याच्या लाल पिशव्या. दारासमोरच्या भिंतीवर, मधोमध, छत्री घेतलेला देवमासा होता. माझ्या पोरीने नऊ वर्षांची असताना काढलेला. ताईने तो सात वर्षांत काढला नाही, फक्त कोपऱ्यातल्या पिना गंजल्या की बदलायची. शनिवारी म्हणायची, "आत ये की, लेकीचं चित्र बघ." मी म्हणायचो, बूट काढायचा कंटाळा येतो.

देवमासा पिशवीत गेला. पिशवीला गाठ मारली, मग दुसरी पिशवी.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. सगळं. किल्ली, पायऱ्या, शिलाई मशीनसुद्धा. मशीनचं सांगायची गरज नव्हती पण तोंडातून निघून गेलं.

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग विचारलं, "अजून किती?"

मी म्हटलं, काय अजून?

"अजून किती खोल्या आहेत वरीलप्रमाणे?"

नाही म्हणावंसं वाटलं, पण नाही म्हणायला खात्री लागते. ठाऊक नाही, असं म्हटलं. त्यांनी माझं परवानापत्र मागून घेतलं आणि माझे जुने एकशे बारा अहवाल टेबलावर मागवले. वर्ग घेणं बंद. लेखी कबुली मंडळाकडे आजच गेली. साहेबांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

बायकोला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आणि पोरीला?" मी म्हटलं, सांगतो.

१८ मार्च, मंगळवार

ताईकडे गेलो. तिला मंडळाकडून कळलं होतं. दार उघडलं ते रागानेच.

"मी एवढं लिहून दिलं ते काय गंमत म्हणून? खोटी पडले ना मी चारचौघांत."

मी म्हटलं, ताई, किल्ली तुझ्या पर्समध्ये होती. तू वर बैठकीत होतीस, हे मला माहीत होतं.

"आणि मी जिन्याच्या खिडकीतून तुला जाताना बघितलं," ती म्हणाली. "माझ्या खोलीत न येता निघालास तो. महिन्याने तुझा अहवाल आला. नऊ नंबरपुढे काय लिहिलंयस तेही वाचलं. मला कळलं होतं की तू आत आला नव्हतास." ती खाली बसली. "फोन हातात घेतला होता. म्हटलं, मी का आधी बोलू? तो लहान आहे, त्याने बोलावं. मग आपलं बोलणं सुरू झालं आणि मला वाटलं, आता कशाला उकरायचं. तुझी सही होती. तू भावंडांत सगळ्यात चिकित्सक. म्हटलं काचेतून बघूनही तुला कळत असेल."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"पोरांच्या हातात मीच पिना द्यायचे रे," ती म्हणाली. "उंच पोरांना. लाव म्हणायचे तुझं तू."

मग ती रडली. मीही. दोघांचीही लाज एकाच फोनची होती, जो दोघांनीही केला नाही. निघताना तिने माझ्या शर्टाकडे बघितलं, बटण तुटलं होतं. सुई-दोरा घेऊन आली, शर्ट अंगावरच असताना लावून दिलं, आणि एकदा टोचलंही. मला वाटतं मुद्दाम.

२६ मार्च, बुधवार

खोली मोकळी झाल्याचा दाखला मिळाला. तो आम्ही देत नाही, काढणारेही देत नाहीत, त्रयस्थ माणूस येतो. आधी विजेरी घेऊन कोपरा न् कोपरा बघितला, मग हवेचे नमुने घेतले. हवा स्वच्छ आहे. भिंती आता नुसत्या विटांच्या.

मंडळाने ताईला परत बोलावलं, निवृत्तीपर्यंत वरच्या मजल्यावर, मोठ्यांच्या विभागात. खोट्या जबाबाबद्दल लेखी समज दिली. तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली, किल्लीच्या कप्प्यात.

एकशे बारांपैकी साठ अहवाल तपासून झाले. न बघितलेल्या खोल्यांच्या दोन नोंदी सापडल्या. दोन्ही ठिकाणी माणसं पाठवली. अजून बावन्न राहिले आहेत.

डॉक्टरांनी ताईला आणि वायरमनला सारखंच सांगितलं. धोका लहान आहे, शून्य नाही, आणि कळायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर सिगरेट ओढायची नाही आणि फार विचार करायचा नाही. ताई म्हणाली, "चाळीस वर्षांनी मी सत्त्याण्णवची. मला सोडा. पोरांचं सांगा." डॉक्टरांनी पोरांचंही तेच सांगितलं.

३० मार्च, रविवार

बालविभागाच्या सात वर्षांच्या नोंदवहीत तीनशे एक्केचाळीस पोरं आहेत. प्रत्येकाच्या घरी पत्र जायचं आहे. काय झालं, धोका किती, डॉक्टरांना काय सांगायचं, कागद जपून का ठेवायचा. मंडळाने मजकूर छापून दिला. पाकिटं भरायचं काम मी मागून घेतलं. दुसरं काम आता मला कुणी देत नाही.

वही उघडली तर एकसष्ट नंबरवर माझ्या पोरीचं नाव, ताईच्या रेघेवर बसणाऱ्या अक्षरात, आणि पत्त्याच्या जागी माझा पत्ता. ते पाकीट बाजूला ठेवलं. टपालाने टाकावं असं एक मन म्हणत होतं. दोन दिवस लागले असते.

जेवणं झाल्यावर तिच्यासमोर ठेवलं. सोळा वर्षांची आहे, जेवतानाही कानात काहीतरी घालून बसते, ते तिने काढलं. पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती, पण नळ बंद होता.

पोरगी म्हणाली, "म्हणून तू कधी आत यायचा नाहीस."

मी म्हटलं, कुठे?

"बाबा. तू लग्नाच्या हॉलमध्येही भिंती वाजवतोस. माझ्या शाळेत आलास तेव्हा मुख्याध्यापकांची केबिन वाजवलीस, मी मेले होते लाजेने. आत्याच्या खोलीत मात्र कधीच आला नाहीस. दारापर्यंत यायचास आणि मला आत ढकलून मागे फिरायचास. मला वाटायचं माझं चित्र तुला आवडलं नाही."

मी तिला सांगणार होतो की मला ठाऊक नव्हतं. ते खरंही आहे. ठाऊक व्हायला एकदा बोट वाजवायला हवं होतं, आणि मी सलग दोन वर्षं दर शनिवारी ते बोट खिशात ठेवलं. हे आज तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. या वहीतही नाही. मागची पानं उलटली, तिथे बूट काढायचा कंटाळा लिहिलाय.

तिला एवढंच म्हणालो की चित्र फार आवडलं होतं. मी ते नीट बघितलं ते फक्त लाल पिशवीत जाताना.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "'तपासणीतील त्रुटीमुळे'," तिने वाचलं. "कोणाच्या तपासणीतील?"

मी म्हटलं, मजकूर मंडळाचा आहे.

"हो, पण पत्र आपल्या घरी आलंय," ती म्हणाली, आणि तिचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी त्या ओळीच्या वर, दोन शब्दांच्या मधल्या जागेत, माझं पूर्ण नाव लिहिलं. शेपटी न उडवता. तिने वाचलं, पत्राची घडी घातली आणि आपल्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं.

उरलेली तीनशे चाळीस पाकिटं अजून चिकटवलेली नाहीत. सगळ्या पत्रांत माझं नाव लिहू का, असं मंडळाला सकाळी विचारतो, आणि नाही म्हणाले तरी लिहितो. पन्नास पत्रांत लिहून झालं आहे. हात दुखतोय, चहा टाकतो आणि पुढच्यांना बसतो.